कोन शे

केळीच्या घडाला पिशवी चढवताना
मी घोडीवर उभी असते
आणि खालून सुपडी म्हणते, बाई, हिलाही घुमटा!
आम्ही दोघी हसतो.
रोज तोच विनोद, रोज थोडा कमी.

अनेरच्या काठचा हा मळा. व्यापारी चोपड्याहून येतो,
दोन बोटांनी पिशवी वर करतो,
फण्या मोजतो, डाग शोधतो.
मला बघायला आले होते तेव्हा
एवढंही पाहिलं नव्हतं.
पाय पाहिले. चाल म्हणाले.
मी चालले.

एकवीस वर्षं मामांनी माझे हात पाहिले,
ताट ठेवून मागे सरणारे,
आणि पातळाची कड.
रेशनकार्डावर माझा फोटो आहे,
तेवढा भाग ते अंगठ्याखाली धरतात.
आणि मी?
भाजीत मीठ नाही म्हणून ते ओरडायचे
तेव्हा पदराआड जीभ काढली आहे मी,
त्यांचीच नक्कल केली आहे
नुसत्या ओठांनी.
धाकटा गेला त्या साली
आषाढापासून होळीपर्यंत रडले,
आणि घरात सगळे म्हणाले, केवळ किती खंबीर.
त्या कापडाला मी कधी कधी माझी खोली म्हटलं आहे,
कडी आतून लावता येणारी.
कधी कधी त्यात श्वास पुरला नाही,
चुलीपुढे, वैशाखात.
दोन्ही खरं आहे.
जागृतीला वाटतं मी एक काहीतरी सांगावं.

मग मामांच्या डोळ्यांत दूध उतरलं.
आधी डाव्या, मग उजव्या.
अंगणात पाऊल वाजलं की मान उचलून विचारायचे,
कोन शे?
मी शे, मामा.
आणि पदर ओढायचे मी.
त्यांना खाट दिसत नव्हती, तरी.
आई, कोणासाठी? जागृती विचारायची,
आणि स्कुटीला किक मारायची,
कपाळापासून गळ्यापर्यंत स्कार्फ,
वर काळा गॉगल, कोपरापर्यंत मोजे.
उन्हासाठी गं.
मे महिन्यात सेहेचाळीस असतं, मानते मी.
पण डिसेंबरात?
तेव्हा ती हसते.
हसत असावी.
स्कार्फावरून मला कळत नाही,
आणि एकाएकी मला मामांसारखं वाटतं,
खाटेवर बसून
पावलांवरून माणूस ओळखणारं.

धुळ्याच्या शिबिरात त्यांचं ऑपरेशन झालं.
दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवी पट्टी निघाली.
नर्स म्हणाली, घरचं कोण? पुढे या,
थेंब कसे टाकायचे बघून घ्या.
दिनकरराव बाहेर चहाला गेलेले.
मी पुढे झाले.
थेंब टाकायला वाकावं लागतं,
वाकलं की पदर लोंबतो, थेट जखमेवर.
मावशी, तो मागे घ्या, जंतू जातील.
मी नर्सकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं.
पदर खांद्यावर टाकला.

मामांनी डोळा मिटून घेतला.

उघडा, आजोबा.
नाही.
उघडा की, औषध वाया जातंय.
नाही.
घट्ट मिटलेली पापणी, तिच्या सुरकुत्या,
कडेला वाळलेलं औषध.
इतक्या जवळून मीही त्यांना
कधी पाहिलं नव्हतं.
सत्तर वर्षांचा माणूस
स्वतःच्या कातड्याचा घुमटा ओढून
माझी लाज राखत होता.
की स्वतःची?

मी दोन बोटांनी पापणी वर केली.

आत डोळा लाल, नवा, पाण्याने भरलेला.
तो हलला. कपाळावर आला, नाकावर,
केसांतल्या पांढऱ्यावर थांबला.
कोन शे?
मी शे, मामा.
आवाज ओळखून चेहरा थोडा सैल झाला.
चेहरा ओळखून नाही.
थेंब टाकला. अर्धा आत गेला,
अर्धा कानाकडे घरंगळला,
तो मी पदराच्या टोकाने टिपला.

दिवसातून चार वेळा, नर्सने चिठ्ठीवर लिहिलं.
महिनाभर.
बसमध्ये मी हिशेब केला.
एकशेवीस.